बिनचेहऱ्याचं कापड

"आमाय, टेबल कशाला काळं करताय? आत्ताच पुसून घेतलंय ते!"

एनेलेसीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोळशाच्या तुकड्यानं तिनं माझ्या रंगखात्याच्या पांढऱ्या टेबलावर तीन वेडेवाकडे गोळे काढले, बोटं झटकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा आमचा पक्ष," ती म्हणाली.

"हे बटाटे?"

"दगड आहेत, मास्टर. चुलीचे. तुमच्या देशात भांडं कशावर चढवतात?"

"गॅसवर."

"आणि गॅस यायच्या आधी?"

रेंदाळच्या आमच्या मळ्यात ऊसतोडीची माणसं उतरायची, ती तीन दगडांवरच कालवण शिजवायची. "तीन दगडांवर," मी कबूल केलं.

"एका दगडावर राहतं का भांडं?"

"नाही."

"दोन दगडांवर?"

"कलंडतं."

"झालं तर मग. हिरव्या कापडावर काळे दगड छापायचे. आणि एक सांगून ठेवते मास्टर, याच्यावर चेहरा नको. कुणाचाच नको."

"अहो, पुढाऱ्याच्या थोबाडाशिवाय पक्ष कसला?" मी चेष्टेनं म्हणालो. एनेलेसी एरवी खळखळून हसणारी बाई, घडी घालायच्या टेबलावर ती असली की अख्खं खातं हसत असायचं. त्या दिवशी ती हसली नाही. "चेहरा नको," तिनं परत सांगितलं आणि निघून गेली. टेबल पुसायचं काम राहिलं माझ्या माथी.

मी बाळगोंडा मगदूम, इचलकरंजीचा. कापडावर रंग छापण्यात उभी हयात गेली. ऐन उमेदीत आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा देशात कापडगिरणीत रंगमास्तर म्हणून गेलो आणि चांगली पंधरा-सोळा वर्षं तिथं काढली. देशाचं नाव सांगत नाही. मी परत आलो, ती माणसं अजून तिथंच राहतात. तिकडं मोठ्या बाईला 'आमाय' म्हणतात, म्हणजे आई. म्हाताऱ्या बाईला 'अगोगो' म्हणतात, म्हणजे आजी. मला सगळे नुसतंच 'मास्टर' म्हणायचे.

मी गेलो तेव्हा त्या देशात एकच पक्ष होता. पक्षाचं कार्ड खिशात नसेल तर बसमध्ये चढू देत नसत, बाजारात टोपली मांडू देत नसत. आणि आमच्या गिरणीचं मुख्य काम काय, तर म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षांचा चेहरा छापलेलं कापड काढायचं. बायकांनी ते कमरेला गुंडाळायचं आणि साहेब आले की विमानतळावर उन्हात नाचायचं. त्या कापडाचे नियम तर विचारू नका. चेहऱ्यावर कात्री चालवायची नाही. नेसताना चेहरा बसायच्या जागी येऊ द्यायचा नाही. कापड विरलं, फाटलं तरी त्यानं काही पुसायचं नाही. छपाईत माल बिघडला, म्हणजे नाक एकीकडं आणि डोळे भलतीकडं गेले, की तो चिंधीत टाकायची सोय नव्हती. वेगळ्या पेटीत ठेवायचा. मग जिल्ह्याचा अध्यक्ष कालुम्बू यायचा, त्याच्या डोळ्यांदेखत सगळं जाळायचं. कापड जळून राख होईपर्यंत तो टोपी काढून, मान खाली घालून उभा राहायचा. मयताला आल्यासारखा. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. एनेलेसीनं माझा दंड इतक्या जोरात चिमटला की चार दिवस वळ होता.

आणि मग वारं फिरलं. पाद्र्यांनी चर्चमधून धीर करून बोलायला सुरुवात केली, परदेशांनी मदतीचा पैसा रोखून धरला, आणि म्हाताऱ्याला लोकांपुढं प्रश्न ठेवावा लागला, एकच पक्ष हवा की पुष्कळ? लोक म्हणाले, पुष्कळ. त्या निकालाच्या दिवशी आमच्या गिरणीतल्या बायका नाचल्या त्या कुणी न सांगता. असं नाचणं मी तोवर बघितलं नव्हतं.

मोकळीक आली म्हणजे काय झालं ते मी माझ्या खात्यापुरतं सांगतो. जुन्या चेहऱ्याचं कापड चिंधीच्या भावानं आलं. यंत्राचं तेल पुसायला तेच, फरशी पुसायला तेच. मीसुद्धा रंगाचे हात खुशाल साहेबांच्या टकलाला पुसायचो आणि मनातून सुखावायचो. सगळे पुसायचे. एक एनेलेसी तेवढी त्या चिंध्यांना हात लावायची नाही.

"आता कुणाला भ्यायचं, आमाय?" मी एकदा विचारलं.

त्या दिवशी तिनं सांगितलं. तिचा नवरा लाझारो गिरणीच्या फाटकासमोर सायकली दुरुस्त करायचा. मी यायच्या वर्षभर आधीची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या सायकलीची साखळी घसरली होती. ती बसवली, हात काळे झाले, आणि समोर पडलेला फडका उचलून त्यानं हात पुसले. फडका होता एनेलेसीच्या जुन्या कापडाचा. चेहऱ्याचा अर्धा भाग त्यावर होता. कुणीतरी बघितलं. तासाभरात कालुम्बू गाडी घेऊन आला. आवाज न चढवता म्हणाला, "चल लाझारो, जरा ऑफिसात बोलू." लाझारो म्हणाला, "एवढं चाक सरळ करून येतो." "आल्यावर कर," कालुम्बू म्हणाला.

"सायकल उलटी ठेवली होती," एनेलेसी मला म्हणाली. "मी धावत फाटकापर्यंत आले तेव्हा चाक अजून फिरत होतं. त्यानंतर लाझारो दिसला नाही. मेल्याचं कुणी सांगितलं नाही, पुरल्याचं कुणी सांगितलं नाही. त्याची आई विचारायला गेली तर म्हणाले, असा कुणी माणूसच नव्हता."

माझ्या हातात त्या वेळी तसलाच एक फडका होता. तो कुठं ठेवावा मला कळेना.

म्हणून तिला बिनचेहऱ्याचं कापड हवं होतं. मी जीव ओतून छापलं. मालकांनी परवानगी दिली, नवे पक्ष म्हणजे त्यांना नवं गिऱ्हाईकच की. हिरव्या रंगाचं पाणी मी पुन्हा पुन्हा बदललं, शेवटी कोवळ्या मक्याच्या पानाचा हिरवा धरला. पहिलं कापड यंत्रावरून उतरलं तेव्हा एनेलेसीनं ते टेबलावर पसरलं, हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावावा तसं त्याचं टोक डोळ्यांना लावलं. मग एकदम म्हणाली, "बघा मास्टर, हे कापड पुसायला चालतं."

पक्ष कसा वाढवला तिनं! ना ऑफिस, ना गाडी. रविवारी एका वस्तीत जायचं, झाडाखाली तीन दगड मांडायचे, मोठं भांडं चढवायचं. मक्याचं पीठ, थोडी भाजी, कुणी चार सुके मासे आणायचं. ज्याला पक्षात यायचं त्यानं बसायचं आणि त्या भांड्यातला घास खायचा. झाला सभासद. कार्ड नाही, नाव लिहून घेणं नाही. कार्डाचा तिला इतका तिटकारा होता की कागद म्हटला तरी तिच्या अंगावर काटा यायचा. "जेवला तो आपला," हा तिचा नियम. आणि तिच्या पक्षाच्या लोकांनी तो राजधानीतल्या सभेतसुद्धा टाळ्या वाजवून उचलून धरला. हिरवं कापड वस्तीवस्तीत दिसायला लागलं. माझी बायको कुसुम म्हणायची, "अहो, ही बाई निवडून येणार बघा." मलाही तसंच वाटायचं. खरं सांगतो, परक्या देशाच्या राजकारणाशी माझं देणंघेणं नव्हतं, पण त्या बाईनं जिंकावं असं मला मनापासून वाटायचं.

एका रविवारी मी कापडाचा नवा नमुना दाखवायला तिच्या वस्तीत गेलो होतो. भांडं उतरलं होतं, बायका गोल बसल्या होत्या. लाझारोची आई, अगोगो मेलिया, झाडाला टेकून बसली होती. त्यांच्यात माती दिल्याशिवाय सुतक फिटत नाही. म्हातारी इतकी वर्षं सुतकातच होती. कुणाच्या लग्नात जायची नाही, नाचायची नाही, डोक्यावरचा मळका फडका काढायची नाही.

तेवढ्यात गाडी थांबली आणि कालुम्बू उतरला. एकटा. त्यानं टोपी काढली, चालत आला, चांगल्या इस्त्रीच्या पँटीनिशी मातीत मांडी घालून बसला आणि उजवा हात पुढं केला.

कुणी हललं नाही. सगळ्या बायका एनेलेसीकडं बघायला लागल्या.

"भूक लागलीय, आमाय," तो म्हणाला.

मी तिच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "हाकला त्याला. काय लाज आहे की नाही मेल्याला?"

"कशी हाकलू?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "एकाला हाकललं की उद्या दुसऱ्याला हाकलायला यादी लागेल. यादी आली की कार्ड आलं. नियम मीच केलाय, मास्टर."

तिनं भांड्यातून पिठाचा गोळा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. तो सावकाश खाऊ लागला. शेवटचा घास गिळून हात झटकला आणि म्हणाला, "गोड झालंय." त्याच्या पाठोपाठ आठवड्याभरात जुन्या पक्षाची निम्मी फौज जेवून गेली. आमच्याकडं म्हणतात ना, भटाला दिली ओसरी. तशातली गत. पक्षाचे राजधानीतले पुढारी मात्र खूष! पक्ष वाढला म्हणे. वाढला तो वाढलाच, नाही कोण म्हणतंय?

त्यानंतर थोड्याच दिवसांत मतदारसंघाचा उमेदवार ठरवायची वेळ आली. दोघं उभे, एनेलेसी आणि कालुम्बू. त्यांची पद्धत अशी, की चिठ्ठ्याबिठ्ठ्या नाहीत. मैदानावर यायचं आणि ज्याला पसंत कराल त्याच्या मागं रांगेत उभं राहायचं. ज्याची रांग लांब तो उमेदवार. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. मला ती पद्धत ऐकूनच बरी वाटली नव्हती. एनेलेसीला वाटली होती. "लपवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "लपवालपवी फार झाली या देशात."

शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर सकाळी सकाळी ही गर्दी. एका गोलपोस्टखाली एनेलेसी हिरवं कापड नेसून उभी, दुसऱ्याखाली कालुम्बू टोपी हातात घेऊन. राजधानीचा एक तरुण पदाधिकारी गळ्यात शिट्टी अडकवून मध्ये फिरत होता. मी परदेशी माणूस, रेषेबाहेर छत्री उघडून उभा राहिलो. माझ्या शेजारी स्टुलावर अगोगो मेलिया. चालवत नव्हतं म्हणून तिला अजून कुठल्याच रांगेत नेलं नव्हतं.

कालुम्बूची माणसं तंबाखूच्या मळ्यांतून ट्रकनं आली होती. पण गिरणीतल्या, बाजारातल्या, वस्त्यावस्त्यांतल्या बायका एनेलेसीच्या मागं उभ्या राहात गेल्या, त्या राहातच गेल्या. तिची रांग मैदानाच्या मधली रेघ ओलांडून वळली, तरी बायका येतच होत्या. माझ्या खात्यातली पोरंसुद्धा त्यात दिसली. मी छत्रीसकट नाचायच्या बेतात होतो. "अगोगो, जिंकली तुमची सून!" मी म्हणालो.

"मास्टर, मला उठवा," म्हातारी म्हणाली.

मी हात दिला. तिनं काठी टेकली आणि चालायला लागली. ती एनेलेसीकडं जाणार म्हणून मी छत्री तिच्या डोक्यावर धरून निघालो, तर ही वळली दुसरीकडं.

"अगोगो, एनेलेसी तिकडं."

"मला दिसतंय," ती म्हणाली.

आणि पाऊल पाऊल टाकत ती कालुम्बूच्या रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. मैदानावरचा गलका हळूहळू बसला. लाझारोची आई कुणाला माहीत नव्हती? गोलपोस्ट सोडून एनेलेसी धावत आली.

"आई, उन्हानं चक्कर आली का? ही त्याची रांग आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तो जागा दाखवणार आहे."

"कसली जागा?"

"लाझारोची." म्हातारीनं काठी दोन्ही हातांनी धरली. "काल तू बाजारात होतीस तेव्हा घरी आला होता. म्हणाला, मला माहीत आहे कुठं ठेवलाय. निवडून आलो की घेऊन जातो."

एनेलेसी म्हणाली, "खोटं बोलतोय, आई. तोंड उघडलं की खोटं बोलतो तो माणूस."

"असेल. पण दुसऱ्या कुणाला माहीत आहे? तुला आहे? तुझ्या तीन दगडांना आहे?"

"मी निवडून येते. मग चौकशी लावते. सगळ्यांसमोर उभा करून सगळं ओकायला लावते त्याला. मी हे सगळं कशासाठी करतेय, आई? त्याच्यासाठीच ना?"

"तेवढं मी जगते का?" म्हातारी म्हणाली. "आणि तू आलीस तर तो सांगेल? मी विचारलं त्याला. म्हणाला, हरलेल्या माणसाला काही आठवत नाही, अगोगो."

एनेलेसीनं मैदानापलीकडं बघितलं. कालुम्बू जमिनीकडं बघत होता, टोपी बोटांनी गोल गोल फिरवत.

"आई, माझ्यामागं एवढ्या बायका उभ्या आहेत."

"त्यांचे नवरे घरी आहेत," म्हातारी म्हणाली. "मला माझ्या पोराला माती द्यायचीय. हे फडकं काढायचंय डोक्यावरचं. तू तुझी जा. मी तुला ये म्हणत नाही."

शिट्टीवाला जवळ आला. "आमाय, उमेदवारांनी आपापल्या जागी उभं राहायचं. मोजायचंय."

एनेलेसी तिथंच उभी होती. ती सासूकडं बघायची, मग आपल्या रांगेकडं बघायची. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, जा, परत जा, म्हातारीचं मी बघतो. पण काय बघणार होतो मी? मला थोडीच ठाऊक होती लाझारोची जागा?

ती परत गेली. मला वाटलं, सुटलो. पण ती गोलपोस्टखाली थांबली नाही. आपल्या रांगेतल्या पुढच्या बायकांशी काहीतरी बोलली. एकीनं तिचा हात धरला, दुसरी ओरडायला लागली, तिसरी मटकन खालीच बसली. एनेलेसीनं हात सोडवून घेतला, सगळं मैदान ओलांडून आली आणि सासूच्या मागं उभी राहिली. छत्री माझ्या हातातून घेऊन तिनं म्हातारीच्या डोक्यावर धरली.

मोकळ्या गोलपोस्टकडं तोंड करून बायका तशाच उभ्या राहिल्या. पदाधिकाऱ्यानं जाहीर केलं, उमेदवार नाही तर रांग नाही. काही घरी गेल्या. बऱ्याचजणी मान खाली घालून इकडच्या रांगेला येऊन लागल्या. उघड्यावरचं मत, कोण कुठं उभं नव्हतं हे उद्या सगळ्यांना कळणार होतं. कालुम्बू बिनविरोध उमेदवार झाला आणि पुढं भरघोस मतांनी निवडून आला.

मी तिला कधी विचारलं नाही, का केलंत म्हणून. विचारायचं काय? ती घरी परत जाणार होती त्याच म्हातारीकडं.

निकालानंतर पुष्कळ दिवस कालुम्बूचा निरोप नव्हता. एनेलेसी खेटे घालत राहिली. शेवटी एकदाचा तो तयार झाला. ती मला म्हणाली, "मास्टर, तुमची गाडी घेऊन चला. परक्या माणसासमोर खोटं बोलायला त्याला जरा तरी जड जाईल." म्हातारीनं नवं पांढरं कापड बरोबर घेतलं होतं, हाडांना गुंडाळायला. डोक्यावर बांधायला धुतलेला फडकाही घेतला होता. गाडीत ती सारखी बोलत होती, लाझारो लहानपणी कसा चिखलाच्या सायकली करायचा, कसा कुणाचं ऐकायचा नाही. तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाव सोडून बरंच लांब, तंबाखूच्या मळ्यापाशी कालुम्बूची गाडी उभी होती. त्याच्यामागं निलगिरीची लागवड, तंबाखू भट्टीत वाळवायच्या सरपणासाठी केलेली. सरळ ओळी, नजर पोहोचेल तिथवर. तो उतरला आणि त्यानं नुसता हात फिरवला.

"इथंच," तो म्हणाला.

"इथं म्हणजे कुठं?" एनेलेसीनं विचारलं.

"तेव्हा ही झाडं नव्हती. माळ होता. रात्रीची वेळ, आमाय. एकटा लाझारोच नव्हता, पुष्कळ होते."

म्हातारी काठी टेकत त्याच्यापाशी गेली. "पोरा, नीट आठव. एवढं एकच आठव."

"आठवत नाही, अगोगो."

"पण तू तर जिंकलास," ती म्हणाली.

कालुम्बूनं टोपी डोक्यावर ठेवली, गाडीत बसला आणि गेला. मी त्याला आपल्या भाषेत शिव्या घातल्या, तोंडाला येतील तेवढ्या. त्याचा काय उपयोग होता?

म्हातारीनं पांढरं कापड मातीवर ठेवलं. वाकून मूठभर माती घेतली आणि पहिल्या झाडाच्या बुंध्यावर टाकली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एनेलेसी तिच्या मागं मागं, एक अक्षर न बोलता. एक ओळ संपली तशी म्हातारी दुसऱ्या ओळीला लागली. उन्हं कलली तेव्हा तिला वाकवेना, मग एनेलेसी माती उचलून तिच्या हातात द्यायला लागली. शेवटी मी म्हातारीला उचलून गाडीत ठेवलं. अजून कितीतरी ओळी राहिल्या होत्या. डोक्यावरचं जुनं फडकं तिनं काढलं नाही, आणि पुढच्या थंडीत ती त्याच फडक्यानिशी गेली.

एनेलेसी गिरणीत येत राहिली. घड्या घालायची. टेबलावर आता कुणी हसत नव्हतं.

वर्षभरात कालुम्बू मंत्री झाला आणि आमच्या गिरणीत मोठं काम आलं, त्याच्या स्वागताचं कापड. हिरवं तेच, कोवळ्या मक्याचं. तीन दगडही तेच. फक्त दगडांच्या मधोमध, जिथं जाळ असतो, तिथं कालुम्बूचा चेहरा. मालक म्हणाले, "मगदूम, छापून टाका." मी छापलं. पोटाला बांधलेला माणूस मी, आणि मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं छापलं असतं. आता आमच्या इचलकरंजीत चौकाचौकात पुढाऱ्यांच्या मुंडक्यांचे फ्लेक्स बघतो, तेव्हा मला ते कापड आठवतं आणि मी खाली मान घालून निघून जातो.

पहिल्याच दिवशी रंगाची जाळी सरकली आणि थोडा माल बिघडला. नाक एका दगडावर, डोळे दुसऱ्यावर. मी वैतागलो, यंत्र थांबवलं, जाळी सरळ केली. दोन्ही हात काळ्या रंगानं बरबटले होते. दोन वर्षांची सवय लागलेली. बिघडलेल्या मालातला एक तुकडा फर्रकन फाडला आणि हात पुसायला लागलो.

एनेलेसी घडीच्या टेबलावरून धावत आली. तिनं माझ्या हातातून तो तुकडा हिसकावून घेतला. आधी तिनं दाराकडं बघितलं, मग खात्यातल्या एकेका पोराकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"आमाय, अहो, चिंधी आहे ती," मी म्हणालो.

"यानं पुसू नका, मास्टर," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "मी पाणी आणते."

तिनं तो तुकडा टेबलावर ठेवला, तळहातानं सुरकुत्या काढल्या, चेहरा वर येईल अशी नीट घडी घातली. कोपऱ्यात जुन्या साहेबांच्या वेळची ती पेटी अजून पडून होती, धूळ खात. एनेलेसीनं पेटी पुढं ओढली, आपल्या अंगावरच्या कापडाच्या टोकानं, त्या पहिल्या बिनचेहऱ्याच्या हिरव्या कापडाच्या टोकानं, तिच्यावरची धूळ पुसली आणि घडी आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा माणूस आला. पेटी मागच्या खड्ड्यापाशी नेली. तो टोपी काढून, मान खाली घालून उभा राहिला. काडी एनेलेसीनं ओढली.